डिंभ्याच्या तळातला तंगूस

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस. कुकडी प्रकल्पातल्या धरणांवर पहाटे जाळी वर आली की पाटीत भरणा असतो तो याच मंडळींचा, आणि या चौघांपैकी एकालाही जठर नसते. कार्प कुळाची शरीररचनाच तशी आहे. घशात खोलवर बसलेल्या दातांनी घास भरडायचा आणि थेट आतड्यात सोडायचा. रोहूचे आतडे उलगडून मोजले तर ते माशाच्या लांबीच्या कित्येक पट भरते, कारण जठराचे काम त्या वेटोळ्यांनाच करावे लागते.

‘माशाच्या पोटात प्लास्टिक सापडले’ असे वाचले की आपल्या डोळ्यांपुढे गाईचे पोट येते: शस्त्रक्रिया करून किलोकिलोने काढलेल्या पिशव्या. गाईच्या कोठ्यातून पुढे सरकायला घास बारीक व्हावा लागतो. पिशवी बारीक होत नाही, म्हणून ती तिथेच साचत राहते. कार्पच्या अंगात साठवणीची अशी जागाच नाही. सायप्रिनसच्या जवळच्या नात्यातला मासा म्हणजे गोल्डफिश. त्याला खाद्यातून प्लास्टिकचे बारीक मणी आणि धागे खाऊ घालून केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्मे प्लास्टिक दहा-एक तासांत बाहेर पडले आणि नव्वद टक्के दीड दिवसाच्या आत. अन्नाला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच.

ही गोष्ट दिलासा देणारी वाटते आणि काही अंशी आहेही. पण तिचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. कार्पचे आतडे म्हणजे काल-परवाची नोंद. त्यात दोन धागे सापडले तर त्या माशाने जन्मभरात दोनच धागे खाल्ले असे मुळीच नाही. काल-परवात दोन खाल्ले, एवढेच कळते. माशाच्या आयुष्यात असे काल-परवा शेकडो येतात. म्हणून आतड्यात किती सापडले यापेक्षा काय सापडले आणि ते कुठून आले, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधायला जुन्नर-आंबेगावसारखी दुसरी जागा नाही, कारण इथे एकाच खोऱ्यात पाच धरणे आहेत आणि प्रत्येकाच्या पाण्यात वेगळ्या माणसांचे आयुष्य उतरते.

कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीना नदीवर वडज, आर नदीवर पिंपळगाव जोगे आणि घोडनदीवर डिंभे. यांतले डिंभे सर्वांत मोठे. सुमारे साडेतेरा टीएमसी पाणी साठवणाऱ्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईत गिरणी कामगार. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी ते चिरडले गेले. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गावही या पाण्यात गेले. तालुक्याचा कारभार आता घोडेगावातून चालतो.

पाण्याखाली गेलेली शेते महादेव कोळ्यांची होती. नावात कोळी असले तरी ही डोंगरातली शेतकरी जमात. भात, नाचणी, वरई हे तिचे पीक. मासे ती धरायची ते पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे वळगणीचे, किंवा बांबूच्या कामट्यांच्या सापळ्यात सापडणारे. कातकरी आणि ठाकरही तसेच. खोल धरणात रात्रभर जाळे लावून पहाटे ओढायचे, हे काम त्यांच्या आजोबांनी केलेले नव्हते. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांनी उभ्या केलेल्या ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने विस्थापितांनी हे काम शिकून घेतले, सहकारी संस्था बांधली आणि आपल्याच बुडालेल्या जमिनीवरच्या पाण्यात मासेमारीचा हक्क मिळवला. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेने इथे तरंगत्या पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढवण्याचे प्रयोग केले. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

ही हकीकत इथे सांगण्याचे कारण आहे. मासेमारीतून पाण्यात जाणाऱ्या प्लास्टिकबद्दल लिहिताना बोट फार लवकर मासेमाराकडे वळते. डिंभ्याला ज्यांच्याकडे बोट वळेल, त्यांनी हा धंदा हौसेने पत्करलेला नाही. जमीन गेली, पाणी उरले, आणि पाण्यातून जगायचे तर जाळे लागते. बाजारात जे जाळे मिळते ते प्लास्टिकचेच असते.

शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. जाळी सुताची किंवा तागाची विणत, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत. तरीही ती कुजत. दर खेपेनंतर वाळवावी लागत, हंगामागून हंगाम बदलावी लागत. नायलॉन १९३५ साली अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या मासेमारीत शिरले. त्याचे गुण खरेच मोठे होते. ते कुजत नाही, भिजून जड होत नाही, आणि एकेरी तंतूचे जाळे तर पाण्यात माशाला दिसतसुद्धा नाही. तंगूस म्हणतात तो हा धागा. उभे लावलेले तंगुसाचे जाळे माशाला कल्ल्यात धरते: डोके आसातून आत जाते, धड जात नाही, मागे फिरताना धागा कल्ल्यात रुततो. गरीब माणसाला परवडणारे, होडीला इंजिन नसतानाही चालणारे, एका माणसाला हाताळता येणारे हे साधन. तंगूस नसता तर आपल्याकडच्या धरणांवरची छोटी मासेमारी उभी राहिली नसती, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

सुताचे जाळे हरवले तर काही महिन्यांत त्याचा चिखल व्हायचा. तंगूस हरवला तर तो तिथेच राहतो आणि काही काळ मासे धरत राहतो. मालक नसतो, पहाट नसते, ओढणारे हात नसतात. अडकलेला मासा मरतो, त्याच्या वासाने दुसरे येतात, तेही अडकतात. पुढे शेवाळ चढून जाळे जड होते, कोसळते आणि तळाला गोळा होऊन पडते. जगभरात मासेमारीच्या साधनांपैकी सुमारे दोन टक्के साधने दरवर्षी पाण्यात हरवतात, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. मासेमारांच्याच मुलाखतींवर तो आधारलेला होता. दोन टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण पाण्यातून ते कुजून कमी होत नाहीत, दरवर्षीचे मागच्या वर्षीच्यावर चढत जातात.

धरणात जाळे हरवते कसे, हे समुद्रापेक्षा वेगळे आहे. समुद्रात वादळ असते, प्रवाह असतो, ट्रॉलर जाळी कापून जातो. धरणाच्या तळाशी गाव असते. पाणी भरण्याआधी तोडलेल्या झाडांचे बुंधे असतात, बांध असतात, विहिरींचे कठडे आणि घरांची जोती असतात. सोडलेले जाळे त्यांत अडकते. जोर लावून ओढले की निम्मे हातात येते आणि निम्मे खाली राहते. काठावर बसून जाळे दुरुस्त करताना फाटके आस कापून टाकावे लागतात. ते बोटा-दीड बोटाचे तुकडे खडकांच्या फटीत पडतात, आणि त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, कारण ते दिसतच नाहीत.

मग उन्हाळा येतो. डिंभ्याचे पाणी डाव्या कालव्याने येडगावला जाते आणि तिथून कुकडीच्या कालव्यातून शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. मे महिन्यात साठा तळाला गेलेला असतो, काठची जमीन मैलोनमैल उघडी पडते. पाण्याखाली प्लास्टिक फारसे बिघडत नाही; तिथे ऊन पोहोचत नाही, गारवा असतो. उघड्यावर, तापलेल्या मुरमावर मात्र उन्हातले अतिनील किरण त्याची साखळी तोडतात. दोरी हातात घेतली तर पावडर सुटते, पोत्याचा विणलेला पट्टा बोटांत मोडतो. जूनमध्ये पाऊस लागतो, जुलैत पाणी पुन्हा चढते आणि उन्हाळाभर ठिसूळ झालेले सगळे कण एकदम पाण्यात जातात. नेमका हाच काळ माशांच्या विणीचा आणि पिलांच्या वाढीचा. समुद्राच्या अभ्यासातून ही गोष्ट कळत नाही. दरवर्षी भरणारे आणि रिकामे होणारे धरण हे प्लास्टिक दळण्याचे ठिकाण आहे, आणि दळण पडते ते नेमके अंड्यांतून पिले बाहेर पडतात त्या वेळी.

आता हे कण पाण्यात गेल्यावर कोण खाते, याला बरेचसे उत्तर वजनात सापडते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलके; पिशव्या, खताची पोती, दोर हे तरंगतात. थर्माकोल तर तरंगतोच. नायलॉन पाण्यापेक्षा सुमारे चौदा टक्के जड, बाटलीचे आणि पॉलिस्टरचे प्लास्टिक त्याहून जड. ही दोन्ही बुडतात. हलक्या तुकड्यावरही शेवाळ आणि गाळ बसला की तोही हळूहळू खाली जातो.

माशांचेही पाण्यात मजले ठरलेले आहेत. आपल्याकडे तीन जातींचे बीज एकत्र सोडतात ते याच हिशोबाने. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव कल्ल्यांच्या गाळणीतून गाळून खातो. रोहू मधल्या थरात वनस्पतींवर जगतो. मृगळ तळाशी कुजलेला पाला आणि गाळ खातो. सायप्रिनस त्याच्याही पुढे जातो. नळीसारखे तोंड पुढे काढून तो चिखल आत ओढतो, टाळूवरच्या मांसल गादीने चव घेत खाण्याजोगे वेगळे करतो आणि उरलेला चिखल थुंकतो. तळाशी पडलेला तंगूस आणि जाळ्याच्या दोऱ्याचे तंतू यांची गाठ पडणार ती या शेवटच्या दोघांशी. सायप्रिनसची निवडण्याची कला मोठ्या तुकड्यांना बाहेर टाकते, पण शेवाळात गुंडाळलेला बारीक तंतू चवीला शेवाळच लागतो. कटल्याच्या वाट्याला जाणार ती पिशव्यांची आणि पोत्यांची भुकटी. मरळ आणि वाम हे शिकारी; त्यांनी प्लास्टिककडे पाहिलेही नाही तरी गिळलेल्या छोट्या माशाच्या आतड्यात जे असेल ते त्यांच्याकडे येते. चिलापी मिळेल ते खाते, आणि तिला जठर आहे.

मासा प्लास्टिक का खातो, याचे ‘चुकून’ हे उत्तर अपुरे आहे. पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटाजवळच्या एका बांगड्यासारख्या माशाच्या पोटात सापडलेले बहुतेक तुकडे निळे होते, कारण तो ज्या सूक्ष्म कवचधारी जीवांवर जगतो तेही निळे असतात. अमेरिकेतल्या एका मत्स्यालयात नुसत्या प्लास्टिकचा अर्क पाण्यात सोडला तेव्हा तिथल्या मांदेलीच्या जातीच्या माशांनी दखल घेतली नाही. समुद्रात राहून शेवाळ चढलेल्या प्लास्टिकचा अर्क सोडल्यावर मात्र त्यांचा थवा खाणे आल्यासारखा वागू लागला. म्हणजे नव्या प्लास्टिकच्या वासाने मासा खेचला जात नाही. पाण्यात मुरलेले प्लास्टिक त्याच्या अन्नासारखे दिसते आणि त्याचा वासही अन्नासारखाच असतो.

हा विषय विज्ञानाच्या नजरेत येऊन अर्धे शतक उलटले. १९७२ साली अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर तपासलेल्या १४ जातींच्या माशांपैकी ८ जातींत पॉलिस्टायरिनचे गोळे सापडल्याचे ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आले होते. ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला तो इंग्लंडमधल्या प्लिमथचे रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या लेखामुळे. २०२१ सालच्या एका आढाव्यात समुद्री माशांच्या तपासलेल्या ५५५ जातींपैकी ३८६ जातींत प्लास्टिक नोंदले गेल्याचे आढळले. मासेमारीशी थेट नाते मात्र काही मोजक्या जागी पक्के दाखवता आले. स्कॉटलंडमधल्या क्लाइड आखातात तपासलेल्या शेवंडीसारख्या नॉर्वे लॉबस्टरपैकी ८३ टक्क्यांच्या पोटात प्लास्टिक असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात नायलॉनच्या तंतूंचे गुंतून झालेले गोळे होते. लॉबस्टरच्या जठरात अन्न दळणारी यंत्रणा असते, तिच्यातून तंतूंचा गुंता पुढे जाऊ शकत नाही. ब्राझीलच्या गोयाना नदीमुखात शिंगाळ्यांच्या आणि घोळीच्या कुळातल्या माशांच्या पोटात मासेमारीच्या दोरांचे नायलॉन तुकडे सापडले.

आपल्याला सर्वांत जवळचा अभ्यास गंगेचा आहे. बांगलादेशातल्या मुखापासून हिमालयाच्या पायथ्याकडे जात संशोधकांनी काठावरची टाकलेली मासेमारी साधने मोजली आणि मासेमारांशी बोलून घेतले. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. सर्वाधिक आढळली ती जाळी, आणि सगळी प्लास्टिकची. समुद्राकडच्या भागात प्रमाण जास्त होते. कारण विचारले तेव्हा मासेमारांनी सरळ सांगितले: जाळी लवकर फाटतात आणि फाटलेली टाकायला जागा नाही. गंगेतल्या डॉल्फिनला, पाणमांजराला आणि दुर्मीळ कासवांना या जाळ्यांचा धोका असल्याचे त्या अभ्यासाने दाखवून दिले. नदीवरची छोटी, हातावरची मासेमारीसुद्धा समुद्रातल्या मोठ्या जहाजांसारखीच पाण्यात प्लास्टिक टाकते, हे त्यामुळे पहिल्यांदा नीट पुढे आले.

इथे एक धोका आहे. माशाच्या आतड्यात निळा धागा सापडला की तो जाळ्याचाच, असे म्हणायचा मोह होतो. काठावर कपडे धुतात. एका पॉलिस्टरच्या साडीतून एका धुण्यात हजारो तंतू सुटतात, त्यांतले काही निळे असणारच. म्हणून धागा कुणाचा, हे प्रयोगशाळेत ठरवावे लागते. आतडे दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. मांस विरघळते, बहुतेक प्लास्टिक तसेच राहते. द्रावण गाळून गाळणीवर उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात आणि त्यांच्यावर अवरक्त किरण सोडतात. प्रत्येक प्रकारचे प्लास्टिक ठराविक किरण शोषून घेते, त्यावरून ते ओळखू येते. नायलॉन निघाले तर जाळ्याचा संशय पक्का होत जातो. पॉलिस्टर निघाले तर साडी-शर्टाकडे बघायचे. पॉलिप्रॉपिलिन असेल तर दोर किंवा खताचे पोते. जाडीही बोलते: तंगूस हा केसाच्या दुपटी-तिपटीचा एकच गुळगुळीत तंतू असतो आणि तो तुकड्यांनी तुटतो. फेकजाळ्याचा किंवा पिंजऱ्याचा दोरा मात्र कितीतरी बारीक तंतू पिळून केलेला असतो, तो घासून पिंजारतो. खोलीतल्या हवेतूनही कपड्यांचे तंतू पडतात, त्यामुळे शेजारी एक रिकामी गाळणी उघडी ठेवून तिच्यावर किती पडले तेही मोजावे लागते. सुरुवातीच्या काही अभ्यासांत सुती धागेही प्लास्टिकमध्ये धरले गेले होते. जाळ्यात तडफडणारा मासा जाळ्याचाच तंतू गिळू शकतो, हीसुद्धा शंका संशोधकांनी घेतलेली आहे. त्यामुळे मासा कशाने धरला, हे नोंदवल्याशिवाय त्याच्या आतड्यातल्या नायलॉनला पुरावा मानू नये.

या कसोट्या हातात घेऊन खोऱ्याकडे पाहिले की धरणाधरणातला फरक कळतो. डिंभ्याच्या पाणलोटात जंगल आहे, आहुप्याकडचे डोंगर आहेत, भातशेतीची छोटी गावे आहेत. शेतीतले प्लास्टिक इथे थोडे. इथे जाळ्याचा वाटा शोधता येईल, कारण गर्दी कमी आहे. त्यात भर पडते ती रस्त्याची: मंचर-घोडेगावहून भीमाशंकरला जाणारा रस्ता डिंभ्यावरून जातो, आणि श्रावणातल्या गर्दीच्या बाटल्या, वेफरची पाकिटे, थाळ्या काठाकाठाने पडत जातात. पिंपळगाव जोगे धरणाची कथा अशीच, फक्त तिथे भाविकांच्या जागी माळशेज घाटात पाऊस बघायला येणारे पर्यटक.

येडगाव निराळे. माणिकडोह आणि येडगाव यांच्या मध्ये कुकडीच्या काठी जुन्नर शहर आहे. शहराचे सांडपाणी आणि त्यासोबत येणारे सगळे काही येडगावच्या फुगवट्याकडे जाते. ओझरच्या विघ्नहराचे देऊळ त्याच पाण्याच्या काठी आहे. भोवताली टोमॅटो, कांदा, द्राक्ष आणि ऊस. टोमॅटोच्या वाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरतात. तो पंचवीस-तीस मायक्रॉनचा, म्हणजे बंदी आलेल्या पिशव्यांहूनही पातळ. पाणी कमी लागते, तण उगवत नाही, फळ मातीला टेकत नाही. शेतकऱ्याने तो का वापरू नये? पण पीक निघाल्यावर तो अखंड गोळा होत नाही. चिंधड्या बांधावर साठतात, काही पेटवल्या जातात, काही वळवाच्या पहिल्या सरीत ओढ्याला लागतात. ठिबकच्या नळ्या, रोपांचे ट्रे, क्रॉप कव्हर, शेततळ्याचे फाटके कापड, बांधणीची प्लास्टिकची सुतळी, या सगळ्यांचा रस्ता तोच. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकबंदी आणली तेव्हा शेती आणि रोपवाटिकेसाठी लागणाऱ्या प्लास्टिकला सूट दिली होती, आणि ती सूट शेतकऱ्याच्या दृष्टीने रास्तही होती. सूट देताना परत गोळा करण्याची व्यवस्था मात्र लावली गेली नाही. येडगावच्या माशात जे सापडेल त्याचा जाब एकट्या मासेमाराला विचारणे अन्याय होईल.

हे खाऊन माशाचे आणि आपले काय होते? रोहू-कटल्याची आतडी आपण काढून टाकतो. मांस खातो, पोट खात नाही. त्यामुळे मोठा कण ताटात येण्याची शक्यता कमी. उलट घाट चढून नारायणगाव-मंचरच्या बाजारात येणारी सुकट, मांदेली किंवा सुका जवळा आपण आतड्यासकट खातो. तो जवळा कोकण-मुंबईच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात सापडतो आणि ती जाळीही आता प्लास्टिकचीच. माशाच्या बाबतीत चिंता वेगळी आहे: पिलाच्या आतड्यात कण जेवढी जागा घेतो तेवढे अन्न कमी जाते, आणि प्लास्टिकसोबत त्यात मिसळलेली व त्याला चिकटलेली रसायने अंगात उतरतात. मेडाका या छोट्या माशाला समुद्रात मुरलेले प्लास्टिक दोन महिने खाऊ घातल्यावर त्याच्या यकृतावर ताण दिसल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. माणसाबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पिण्याच्या पाण्यातल्या कणांचा आढावा घेताना सावध भूमिका घेतली: हाती असलेल्या माहितीवरून सध्याच्या प्रमाणाचा धोका दिसत नाही, पण ती माहिती फार थोडी आहे. यावरून मासे खाणे सोडू नका, हे मला ठासून सांगावेसे वाटते. डोंगरातल्या कुटुंबाला डिंभ्याच्या माशाइतके स्वस्त आणि चांगले प्रथिन दुसरे नाही. भीती पसरली तर पहिला फटका बसेल तो त्याच कुटुंबाला, विकणारे म्हणूनही आणि खाणारे म्हणूनही.

जाळ्याच्या बाबतीत करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते अवघड नाही. केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात २०१७ पासून मासेमार जाळ्यात आलेले प्लास्टिक समुद्रात परत न टाकता किनाऱ्यावर आणू लागले. ते दळून रस्त्याच्या डांबरात वापरले गेले. आपल्याच राज्यात संरक्षित समुद्री प्राणी जाळ्यात अडकला आणि मासेमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. जाळ्याला किंमत असते आणि ती सरकार चुकती करू शकते, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. तेच धरणावर का आणू नये? फाटके जाळे वजनावर जमा करावे, तेवढ्या वजनावर नव्या जाळ्यात सवलत मिळावी. नायलॉन वितळवून त्याचे पुन्हा सूत करता येते, म्हणून ते निव्वळ कचरा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ साली जाळ्यांवर मालकाची खूण असावी अशी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. सहकारी संस्थेत सभासदांचा क्रमांक असतोच, बोयाला त्याची पट्टी बांधायला खर्च येत नाही.

आणि डिंभ्याच्या लोकांकडे एक गोष्ट आहे जी कुठल्याच बंदरावरच्या मासेमाराकडे नाही. पाण्याचा तळ त्यांना तोंडपाठ आहे. कुठे आंब्याचा बुंधा आहे, कुठे कुणाची विहीर, कुठल्या बांधावर दगडी पायऱ्या, हे वडीलधाऱ्यांना सांगता येते, कारण ते त्यावर चाललेले आहेत. जाळी अडकतात ती याच जागी. त्या जागांचा कागदावर नकाशा केला तर नवीन पोरांची जाळी वाचतील, आणि पाणी उतरल्यावर जुनी कुठे शोधायची तेही कळेल. हे शोधकाम मे महिन्यातच करावे लागते. जमीन उघडी असते, जाळी बुंध्यांना लटकलेली दिसतात, आणि मृगाचा पाऊस लागला की पुढचे अकरा महिने ती हाताला लागत नाहीत. रोजगार हमीतून डोंगरउतारावर पडकईची खाचरे बांधण्याचे काम या भागाने करून दाखवले आहे. काठावरून आणि बुंध्यांवरून जाळी उतरवण्याचे काम त्याच्यापेक्षा कमी मेहनतीचे आहे, आणि मजुरी गावातच राहील.

येडगावला एवढ्याने भागणार नाही. तिथे सुरुवात जुन्नरच्या नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवण्यापासून आणि बाजार समितीच्या आवारात वापरलेला मल्चिंग पेपर घेणारा काटा लावण्यापासून करावी लागेल. टोमॅटोचे क्रेट घेऊन शेतकरी तिथे रोज येतोच. येतानाच्या त्याच गाडीत कागदाचा एक गठ्ठा सहज बसतो.